मोनेच्या चित्रांतला धूर आणि चित्राबाहेर राहिलेली माणसं

गेरूचा_डबा

इम्प्रेशनिस्ट (एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधली मोने वगैरे चित्रकार मंडळी) म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतात ती कमळांची तळी, लाल फुलांनी भरलेली शेतं आणि छत्री घेतलेली बाई. कॅलेंडरं, वह्यांची कव्हरं, दवाखान्यांच्या भिंती, जिथे तिथे हीच चित्रं. त्यामुळे शहराच्या कटकटीला कंटाळून निसर्गात रमलेली ही मंडळी, असा समज पक्का होऊन बसलाय. मला तो मुळीच पटत नाही. ही चित्रं शक्य झाली ती रेल्वे आणि कारखान्यांमुळे. आणि बऱ्याच चित्रांत ते कारखाने समोरच उभे आहेत, आपलंच लक्ष जात नाही.

ज्या चित्रावरून या चळवळीला नाव पडलं तेच घ्या. क्लोद मोनेचं 'इम्प्रेशन, सूर्योदय', १८७२. पाणी, नारिंगी सूर्य, दोन-तीन होड्या, एवढंच आपण बघतो. आता सूर्य सोडा आणि मागचा निळा-करडा पडदा बघा. त्यात जहाजांच्या डोलकाठ्या आहेत, क्रेन आहेत, आणि डावीकडे धूर ओकणारी धुराडी आहेत. हे ल आव्र बंदर आहे, फ्रान्सच्या सर्वांत गजबजलेल्या बंदरांपैकी एक, आणि मोने लहानाचा मोठा झाला ते गाव. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स प्रशियाकडून हरला होता, पाठोपाठ पॅरिस कम्यून, म्हणजे शहरातल्या कामकरी लोकांचं बंड, रक्तात बुडवलं गेलं होतं, आणि देश पुन्हा कामाला लागला होता. त्या कामाला लागलेल्या देशाची ही सकाळ आहे. धुकं आणि धूर यांत फरक करायचा मोनेने प्रयत्नच केलेला नाही.

त्या सूर्याची एक गंमत सांगते. या चित्राचा कृष्णधवल फोटो काढला तर सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. भोवतालच्या आकाशाइतकाच तो उजळ आहे, वेगळा आहे तो फक्त रंगाने.

दुसरी जागा आर्जांतय. सेन नदीवरचं हे उपनगर, पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनातून गाडीने थोड्या वेळात पोहोचता येणारं. रेल्वे तिथे १८५१ मध्ये आली. रविवारी पॅरिसची माणसं नौका वल्हवायला, शर्यती बघायला येत. नदीच्या काठाने कारखाने उभे राहत होते, आणि जुनी द्राक्षाची नि शतावरीची शेतीही अजून शिल्लक होती. मोने तिथे १८७१ च्या शेवटापासून १८७८ च्या सुरुवातीपर्यंत राहिला. युद्धात पडलेला पूल दुरुस्त होत असताना त्याने परांचीसकट तो रंगवला. १८७४ च्या रेल्वे पुलाच्या चित्रात खाली शिडाची होडी आहे, वरून आगगाडी चाललीये, आणि इंजिनाचा धूर ढगांच्या ओळीत जाऊन बसलाय. पुढे १८७७ मध्ये तो थेट सँ-लाझार स्टेशनात शिरला आणि त्याने बारा चित्रं केली. त्यांत गाड्यांची घरघर ऐकू येते, असं कादंबरीकार एमिल झोलाने इम्प्रेशनिस्टांच्या त्या वर्षीच्या प्रदर्शनावर लिहिताना म्हटलंय.

आणि लगेच पुढच्या वर्षी मोने वेतय या खेड्यात राहायला गेला. तिथे ना रेल्वे, ना धुराडी. त्यानंतर फ्रान्समधल्या त्याच्या निसर्गचित्रांत कारखाना जवळजवळ दिसतच नाही.

मला बोलायचंय ते यावर. सहा-सात वर्षं ज्याने धूर इतक्या प्रेमाने रंगवला, त्याला तो मग नकोसा का झाला? आणि त्या प्रेमात धुराखाली राबणारी माणसं कुठे होती? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

पाणकावळा

फार छान धागा. वाचनखूण साठवली आहे. कमळांच्या पलीकडे मी कधी गेलोच नव्हतो. ते सूर्याचं आत्ता फोनवर करून बघितलं, खरंच गायब होतो!

---

प्रयोगवही

मी रसायनवाला, चित्रकलेतलं मला कळत नाही, पण रंगांबद्दल लिहायला हात शिवशिवताहेत.

'बाहेर जाऊन चित्र काढणं' ही तोवर कटकटीची गोष्ट होती. तेलरंग घोटून डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. टोचून रंग काढायचा आणि भोक बंद करायचं. पिशवी फुटे, रंग सुके. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या, दाबता येणाऱ्या ट्यूबचं पेटंट घेतलं. झाकण फिरवा, हवा तेवढा रंग घ्या, पुन्हा बंद करा. पेटीत वीस रंग टाकून आगगाडीने दिवसभर नदीकाठी जाऊन येणं यामुळे जमू लागलं.

रंगही कारखान्याचेच. अल्ट्रामरीन निळा पूर्वी अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून काढत, सोन्याच्या मोलाचा. तो कृत्रिमरीत्या बनवणाऱ्यासाठी फ्रान्समध्ये सहा हजार फ्रँकचं बक्षीस लागलं होतं आणि १८२८ मध्ये ते गिमे नावाच्या माणसाला मिळालं. चिनी माती, सोडा, कोळसा आणि गंधक भट्टीत भाजून हा निळा तयार होतो. आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना घालायची पुडीतली नीळ आहे ना, ती हीच. विरिडियन हिरव्याचं पेटंट १८५९ चं. कोबाल्ट निळा, क्रोम पिवळा हेही त्याच शतकातले.

आता तुमच्या धुराकडे येतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीत सँ-लाझारचं एक चित्र आहे, त्याची त्यांनी रासायनिक तपासणी केली. स्टेशनातल्या त्या काळपट, करड्या भागांत काळा रंग जवळजवळ नाहीच. कोबाल्ट, अल्ट्रामरीन, विरिडियन, सिंदुरी, किरमिजी असे भडक रंग एकमेकांत मिसळून तो काजळी करडा बनवलाय. म्हणजे इंजिनाचा धूर भट्टीतून निघालेल्या रंगांनी रंगवलाय. मला हे वाचल्यापासून ते चित्र डोक्यातून जात नाही.

---

चाळीतला_जिना

लेख आणि वरचा प्रतिसाद दोन्ही आवडले. पण मला मुळात काही खटकतंय आणि ते मी मोकळेपणी लिहितो.

धूर दिसतो, पूल दिसतो, स्टेशन दिसतं. माणूस कुठाय? गिरणीत बारा तास उभा राहणारा, भट्टीत कोळसा घालणारा? मोनेच्या आर्जांतयमध्ये नेहमी रविवार असतो. शिडं पांढरीशुभ्र, पाणी निळंशार. आता खरं पाणी कसं होतं ते बघा. बॅरन ओसमाँ १८५३ ते १८७० पॅरिसचा प्रशासक होता. त्याने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, खाली भुयारी गटारं बांधली, आणि गरिबांना भाडं परवडेना म्हणून ते शहराच्या कडेला ढकलले गेले. त्या गटारांचं मोठं तोंड आस्निएरजवळ सेनमध्ये उघडत होतं. आर्जांतय त्याच्या खालच्या अंगाला. सबंध पॅरिसची घाण ज्या पाण्यातून वाहत येत होती, तेच हे निळंशार पाणी.

आणि ही चित्रं विकत कोण घेत होतं? 'सूर्योदय' १८७४ मध्ये एर्नेस्त होशदेने आठशे फ्रँकला घेतलं. हा पॅरिसचा कापडाचा बडा व्यापारी. १८७७ मध्ये त्याचं दिवाळं वाजलं आणि पुढच्या वर्षी तेच चित्र लिलावात दोनशे दहा फ्रँकला गेलं. सँ-लाझारजवळच्या मोनेच्या खोलीचं भाडं भरणारा कायबॉत स्वतः चांगला चित्रकार, पण घरचा पैसा लष्कराला गाद्या-चादरी पुरवण्याच्या धंद्यातला. या लोकांना आपल्याच कारखान्यांचा धूर सुंदर करून हवा होता आणि मोनेने तो करून दिला, असं मी म्हणतो. वाईट वाटून घेऊ नका.

---

गेरूचा_डबा

@चाळीतला_जिना, वाईट कशाला वाटेल, असाच प्रतिसाद हवा होता. गटाराचा मुद्दा सोळा आणे खरा. पण 'माणूस कुठाय' याचं एक उत्तर मोनेकडे आहे, आणि ते नेमकं त्याच आस्निएरचं आहे.

चित्राचं नाव 'कोळसा उतरवणारे', साधारण १८७५, पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात. जेमतेम दोन फूट रुंदीचं. नदीत कोळशाचे पडाव एकाला एक लागून उभे. पडावांपासून काठापर्यंत अरुंद फळ्या टाकलेल्या, इतक्या अरुंद की एका वेळी एकच माणूस जावा. काही फळ्यांवरून भरल्या टोपल्या घेतलेली माणसं वर चढताहेत, काहींवरून रिकाम्या टोपल्या घेऊन खाली येताहेत. दोन माणसांतलं अंतर जवळपास सारखं. कुणालाही चेहरा नाही. वर पुलाची कमान आख्खं चित्र अडवून बसलीये आणि तिच्यावरून पायी माणसं नि गाड्या चालल्यात. त्यांतला कुणी खाली बघतोय असं काही दिसत नाही. मागे क्लिशीच्या कारखान्यांची धुराडी. निळंशार पाणी इथे नाही, हिरवट-काळपट आहे. रविवार नाही, सोमवार आहे!

मोनेने असं चित्र पुन्हा केलं नाही, हे मी मान्य करते. पण ज्याला माणसं दिसतच नव्हती त्याच्याकडून त्या फळ्यांची ती लय पकडली गेली नसती. त्याला दिसलं होतं. दिसल्यावरही त्याने तो विषय सोडला, हे मला जास्त विचार करायला लावतं.

---

पाणकावळा

चित्र शोधून बघितलं. फळ्यांवरच्या माणसांकडे बघून पोटात कसंतरी झालं. एक पाय घसरला तर टोपलीसकट पाण्यात.

---

काठपदर

तुम्ही सगळे मोनेवरच का अडकलात? या विषयात पहिला मान कामीय पिसारोचा. आठच्या आठ इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनांत ज्याची चित्रं होती असा तो एकटा. जन्म १८३० चा, कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावरचा, म्हणजे पॅरिसमध्ये तसा बाहेरचाच. राजकीय विचारांनी अराजकतावादी, आणि तेही फॅशन म्हणून नव्हे. १८८९-९० मध्ये त्याने भांडवलशाहीतल्या हालअपेष्टांची रेखाटनांची एक वहीच केली होती, स्वतःच्या भाच्यांना जग समजावं म्हणून.

१८७३ मध्ये तो पॅरिसजवळच्या पाँत्वाज गावी राहत होता. तिथे वाझ नदीच्या पलीकडच्या काठावर मद्यार्काचा नवा कारखाना उभा राहिला. पिसारोने त्या वर्षी तो पुन्हा पुन्हा रंगवला. एका चित्रात धुराडं उंच आणि झाडं खुजी, दुसऱ्यात कारखाना लांब झुडपांमागे. प्रत्येक चित्रात त्याचा आकार त्याने आपल्या मनाने लहानमोठा केलाय. मला हे फार प्रामाणिक वाटतं. या पाहुण्याला आपल्या नदीकाठी किती जागा द्यायची, हे तो चित्रागणिक ठरवून बघत होता. त्याने कारखान्याला राक्षस केलं नाही आणि देवही केलं नाही. धुराडं त्याच्या चित्रात पॉप्लरच्या झाडाशेजारी उभं असतं आणि दोघांवर ऊन सारखंच पडतं.

अजून एक चित्र बघाच. १८७१, लंडनच्या दक्षिणेचं लॉर्डशिप लेन स्टेशन, सध्या लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहालयात. युद्धामुळे पिसारो तिकडे पळून गेला होता. त्याच्या लुव्हसिएनच्या घरात प्रशियाचे सैनिक घुसले आणि तिथली त्याची बहुतेक चित्रं नष्ट झाली. या चित्रात रुळांवरून इंजिन सरळ आपल्याकडे येतंय, दोन्ही बाजूंना उतार, नवी घरं उगवताहेत. उजव्या उतारावर त्याने आधी विळ्याने गवत कापणारा माणूस काढला होता आणि मग रंगाखाली झाकून टाकला. क्ष-किरण तपासणीत तो सापडला. @चाळीतला_जिना, तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर हे असू शकतं. माणूस होता. तो काढून टाकल्यावर मोकळी जागा, रूळ आणि येणारी गाडी एवढंच उरलं, आणि १८७१ च्या त्या उपनगरात गवत कापणाऱ्याचं तसंही फार दिवस काम राहणार नव्हतं.

म्हातारपणी १८९६ मध्ये तो रूआँ या बंदराच्या शहरात गेला आणि हॉटेलच्या खिडकीतून लोखंडी पूल, धक्क्यावरचे मजूर, बोटी, धूर, गर्दी रंगवत बसला. हे व्हेनिसइतकंच सुंदर आहे, असं त्याने मुलाला पत्रात कळवलं. मोने धुरापासून लांब गेला आणि पिसारो साठी उलटल्यावर त्याच्यात परत आला.

---

थेम्सकाठ

मी लंडनला राहते, म्हणून मोनेच्या धुराची उरलेली गोष्ट सांगते. फ्रान्समध्ये त्याने धूर सोडला, पण धुराचं वेड सुटलं नव्हतं. १८९९, १९०० आणि १९०१ अशी लागोपाठ तीन वर्षं तो इथे आला, सॅव्हॉय हॉटेलात वरच्या मजल्यावर खोली घेतली आणि खिडकीतून वॉटर्लू पूल आणि चेरिंग क्रॉसचा रेल्वे पूल रंगवले. पार्लमेंटची चित्रं समोरच्या काठावरच्या सेंट थॉमस रुग्णालयातून. त्या सगळ्यांत मिळून शंभराच्या आसपास कॅनव्हास झाले. त्यांतले सदतीस १९०४ मध्ये पॅरिसला लागले.

मार्च १९०० मध्ये त्याने बायकोला, अलीसला, एक पत्र लिहिलंय. सकाळी उठून बघतो तर धुकं नाही, चित्रं वाया जाणार म्हणून तो हबकला. मग हळूहळू घराघरांतले विस्तव पेटले, धूर पसरला आणि त्याच्या जिवात जीव आला. (ही अलीस म्हणजे वर आलेल्या कापडवाल्या होशदेचीच आधीची बायको.)

२०२३ मध्ये दोन हवामान-अभ्यासकांचा एक शोधनिबंध आला. इंग्लिश चित्रकार टर्नर आणि मोने यांच्या मिळून शंभरेक चित्रांतल्या कडा किती पुसट आहेत आणि रंग किती फिकट, हे त्यांनी मोजलं आणि त्या काळच्या गंधकाच्या धुराच्या अंदाजांशी पडताळलं. दोन्ही बऱ्यापैकी जुळलं. मोनेला मोतीबिंदू होता म्हणून चित्रं धूसर, असं पुष्कळ जण म्हणतात. पण त्याचं निदान झालं १९१२ मध्ये, लंडनची चित्रं त्याच्या कितीतरी आधीची.

---

चाळीतला_जिना

@थेम्सकाठ, माहिती अप्रतिम. पण हे पत्र वाचून मला राहवत नाही म्हणून लिहितो. १८७३ च्या डिसेंबरात लंडनमध्ये असंच धुकं पडलं होतं, तेव्हा इस्लिंग्टनच्या प्रदर्शनाला आणलेली गुरं गुदमरून मेली. किती माणसं खोकून खोकून गेली ती वेगळीच. आणि चित्रकार धूर परत आला म्हणून सुखावतोय. माझे वडील गिरणीत होते. कापसाची धूळ छातीत बसलेल्या माणसाची रात्र कशी जाते ते मी घरात बघितलंय. म्हणून धूर सुंदर दिसतो म्हटलं की माझं मन तिथे अडतं. चित्राला मी वाईट म्हणत नाहीये. ते बघून मलाही सुंदर वाटतं, तोच त्रास आहे.

@काठपदर, पिसारोबद्दल तुमचं मानलं. गवत कापणाऱ्या माणसाचं मला माहीत नव्हतं.

---

प्रयोगवही

@चाळीतला_जिना, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. धन्यवाद, हे लिहिलंत म्हणून.

---

अर्धा_ब्रश

या गटात प्रत्यक्ष नोकरी करून पोट भरणारा एक चित्रकार होता, त्याचं नाव अजून कुणी घेतलं नाही. आर्मां गियोमँ. आधी रेल्वे कंपनीत, मग पॅरिसच्या पूल-रस्ते खात्यात रात्रपाळी, आणि दिवसा चित्रं. १८७३ चा त्याचा 'इव्हरीचा सूर्यास्त' पहिल्या प्रदर्शनात, १८७४ मध्ये, मोनेच्या 'सूर्योदया'सोबतच होता. नदीपलीकडे धुराड्यांची रांग आणि मागे पेटलेलं आकाश. धूर वाऱ्याबरोबर एकाच दिशेला वाहतोय. रात्रपाळीच्या माणसाला संध्याकाळ म्हणजे कामावर जायची वेळ, हे मनात ठेवून मी ते चित्र बघतो. १८९१ मध्ये त्याला एक लाख फ्रँकची लॉटरी लागली आणि नोकरी सुटली. पुढे तो बहुतेक डोंगर, समुद्र, क्रझ नदीचं खोरं हेच रंगवत राहिला. ज्याला जमलं तो प्रत्येक जण धुरापासून लांब गेला, याला दोष द्यावासा मला वाटत नाही.

आस्निएरचा विषय निघालाय तर जॉर्ज सोराचं १८८४ चं मोठं चित्रही बघा, 'आस्निएरचे स्नानार्थी'. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, तीन मीटर रुंद, अधिकृत सलाँने, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या वार्षिक प्रदर्शनाने, नाकारलेलं. तीच नदी, मागे तीच क्लिशीची धुराडी. पण इथे कामगार पोरं काठावर बसलीत, बूट-कपडे काढून ठेवलेत. एवढ्या मोठ्या मापाचं चित्र तोवर देवादिकांचं, राजेरजवाड्यांचं असायचं. आणि ती पोरं हसत नाहीत, बोलत नाहीत, एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. मोनेने ज्यांना चेहरा दिला नाही, त्यांना दहा वर्षांत त्याच काठावर सोराने पूर्ण अंगाने बसवलं.

आपल्याकडे हा धागा पुढे नेलेला चित्रकार बघायचा असेल तर सुधीर पटवर्धनांची ठाणे, उल्हासनगर, लोअर परळची चित्रं बघा. उपनगर हा निसर्गचित्राचा विषय आहे हे त्यांनी किती ताकदीने दाखवलंय. त्यांच्या चित्रांत माणूस कधीच गायब नसतो.

---

गेरूचा_डबा

सगळ्यांचे आभार. धागा माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी पुढे गेला. गियोमँची चित्रं मी आता शोधून शोधून बघणार आहे.

मोने पुढे जिव्हर्नी या खेड्यात राहायला गेल्यावरचं थोडं राहिलंय, ते लिहिते. १८९३ मध्ये त्याने कमळांच्या तळ्यासाठी जमीन घेतली ती घराच्या बागेला लागून नव्हती. मधून रेल्वेचे रूळ जात होते. म्हणजे तळ्यावर जायचं तर रोज रूळ ओलांडायचे. जगातली सर्वांत शांत समजली जाणारी ती कमळांची चित्रं, त्यांच्या काठावरून आगगाडी जात होती, आणि चित्रांत ती एकदाही येत नाही. सँ-लाझारमध्ये ज्याने गाडीची वाफ इतकी जवळून रंगवली त्यानेच ही गाळली. त्याच्याआधी १८९१ मध्ये पॉप्लरची झाडं गावाने लाकडासाठी लिलावात काढली, तेव्हा चित्रं पुरी होईपर्यंत झाडं पाडू नयेत म्हणून त्याने लाकूडवाल्याला पैसे मोजले होते. मला यात निसर्गात रमलेला माणूस दिसत नाही. चौकटीबाहेर काय ठेवायचं हे पैसे देऊन, खोदकाम करून ठरवणारा माणूस दिसतो, आणि ते ठरवण्याची ऐपत त्याला त्या युगानेच दिली होती.

---

चाळीतला_जिना

तळ्यासाठी नदीचं पाणी वळवायला गावकऱ्यांनी विरोध केला होता, ते पण लिहा. परदेशी झाडं लावली तर पाणी नासेल, अशी त्यांची भीती होती. मोने चिडला, त्याने प्रशासनाला पत्रं लिहिली आणि शेवटी परवानगी मिळवली. ज्यांची गुरं खालच्या अंगाला पाणी पीत होती त्यांच्या बाजूने मी विचार करतो, ती माझी सवयच आहे. पण 'कोळसा उतरवणारे' आता माझ्या फोनच्या पडद्यावर लावलंय, याचं श्रेय या धाग्याला.

---

थेम्सकाठ

पुढच्या महिन्यात पॅरिसला जाणं होतंय. ओर्सेला गेले की त्या चित्रात पुलावरून कुणी खाली वाकून बघतंय का, ते जवळून बघून इथे लिहीन. संग्रहालयं चित्रं अधूनमधून बाहेर पाठवतात किंवा आत ठेवतात, म्हणून जायच्या आधी ते भिंतीवर आहे ना याची चौकशी करते. आणखी कुणाला काही बघायला सांगायचं असेल तर याच धाग्यावर लिहा.